दळण टाकायला जाल तेव्हा हे करून बघा

गिरणीत जाताना मोबाईल घरीच ठेवा, आणि नंबर लागेपर्यंत नुसतं दळणाऱ्या काकांकडे बघत उभं राहायचं. मी परवा तशीच उभी होते, तर काका सारखं पीठ चिमटीत घेऊन चोळून बघत होते, जाड वाटलं की लगेच चाक थोडं आवळायचे, इतकी वर्षं हेच काम करतायत पण तरी अंदाजावर सोडत नाहीत, मला खरंच भारी वाटलं. असं जे मनात राहील ते घरी आल्यावर वहीत लिहा आणि आठवडाभर आपल्या एकाच कामात वापरा, जास्त नको. मी ऑफिसचे मेल पाठवायच्या आधी परत वाचायला लागले. आणि हो, पीठ गरम असताना डब्याचं झाकण घट्ट लावू नका, आत वाफ धरते.