इंग्रजीतले हात-पाय-डोळे मराठीत कसे आणावेत

इंग्रजीत ‘ही वॉश्ड हिज हँड्स ऑफ द डील’ असं वाक्य येतं आणि मराठीत ‘त्यानं त्या व्यवहारात हात धुऊन घेतले’ असं छापलं जातं. मुळातला माणूस व्यवहारातून अंग काढून घेतोय, मराठीतला त्याच व्यवहारावर आपली तुंबडी भरतोय. एकेक शब्द बरोबर असूनही माणूस उलटा झाला. ‘अवयवाला अवयव शोधा’ हा सल्ला वाक्प्रचारांच्या भाषांतरासाठी नवशिक्यांना सर्रास दिला जातो. तो आधी डोक्यातून काढा.

पहिली पायरी : अर्थ पक्का करा
इंग्रजी-इंग्रजी कोशात अख्खा वाक्प्रचार बघा, सुटा शब्द नको. ‘इन हँड’ म्हणजे हाती घेतलेलं, ‘ॲट हँड’ म्हणजे जवळ आलेलं, ‘आउट ऑफ हँड’ म्हणजे हाताबाहेर गेलेलं, ‘ऑफहँड’ म्हणजे फारसा विचार न करता. पुढचामागचा चिमुकला शब्दच सगळं ठरवतो.

दुसरी पायरी : निव्वळ नाव आहे का ते बघा
‘फूट ऑफ द हिल’ला डोंगराचा पायथा, ‘माउथ ऑफ द रिव्हर’ला नदीचं मुख, बटाट्याच्या ‘आईज’ना बटाट्याचे डोळे. इथे दोन्ही भाषा जुळतात. पण घड्याळाच्या ‘हँड्स’ना आपण काटे म्हणतो, सुईच्या ‘आय’ला नेढं आणि कोबीच्या ‘हेड’ला गड्डा. ‘इअर ऑफ कॉर्न’ तर कानाचं रूपकच नाही. जुन्या इंग्रजीतले ते दोन वेगळे शब्द, पुढे स्पेलिंग एक झालं. आपल्याकडे ते कणीस. अशा ठिकाणी प्रतिभा लागत नाही, वापरातला शब्द ठेवा आणि पुढे चला.

तिसरी पायरी : अवयव जुळला की थांबा
खरी गोची इथे आहे. ‘कोल्ड फीट’चं (ऐनवेळी कचरणं) ‘थंड पाय’ करताना कुणीही चपापतो, कारण ते मराठीत विचित्र दिसतं. फसवतात ते मराठीत हुबेहूब जोडी असलेले वाक्प्रचार. ते सहज वाचले जातात, म्हणून तपासताना कुणाच्या नजरेत येत नाहीत.

‘आय वॉज पुलिंग युअर लेग’ याचं ‘मी तुझा पाय ओढत होतो’ करू नका. मराठीत पाय ओढणं म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणं. इथे हवं ‘तुझी फिरकी घेत होतो’ किंवा नुसतं ‘गंमत केली रे’. हिंदीतून आलेलं ‘टांग खेचणं’ शहरी पोरांच्या बोलण्यात थट्टेसाठी चालतं. ते त्यांच्याच तोंडी ठेवा, आजोबांच्या तोंडी घालू नका.

‘कीप ॲन आय ऑन द बेबी’ म्हणजे ‘बाळाकडे लक्ष ठेव’. ‘बाळावर डोळा ठेव’ म्हटलंत तर ऐकणारी बाई घाबरेल, कारण मराठीत डोळा ठेवतात तो दुसऱ्याच्या जमिनीवर, दागिन्यांवर, बळकावायच्या इराद्यानं.

सगळ्यात वाईट गत ‘अ शोल्डर टु क्राय ऑन’ची होते. ‘त्या कठीण काळात तिनं त्याला खांदा दिला.’ मराठी वाचकाला या वाक्यात तिरडी दिसते. ‘तिनं त्याला धीर दिला’, ‘तिच्याजवळ तो मन मोकळं करायचा’ एवढं पुरे.

म्हणून अवयव जुळला की तीन गोष्टी पडताळा : कोण कुणाला करतंय, त्यात कुणाचं भलं किंवा वाईट होतंय, आणि बोलणारा चिडलाय, हसतोय की काळजीत आहे. सुरुवातीचं ‘हात धुऊन घेतले’ यातल्या दुसऱ्या प्रश्नावरच नापास होतं आणि ‘हात झटकले’ हे आपोआप सुचतं. मग मूळ इंग्रजी न दाखवता ते एकच मराठी वाक्य घरातल्या कुणाला तरी वाचायला द्या आणि ‘काय घडलं?’ एवढंच विचारा. ‘कळलं का?’ असं विचारू नका, त्याला सगळे ‘हो’ म्हणतात.

काही जोड्या खऱ्याही असतात : पाठ थोपटणं, नाक खुपसणं, पाठ फिरवणं. त्या बिनधास्त वापरा. ‘रेज आयब्रोज’साठी ‘भुवया उंचावणं’ आता रुळलंय, पण मराठीत त्यात नुसतं आश्चर्य दिसतं. इंग्रजीत नापसंती असेल, तर ‘नाकं मुरडली’ लिहा.

अवयव बदलला तरी हरकत नाही. ‘बाय हार्ट’ आपल्याकडे तोंडपाठ होतं, ‘पेन इन द नेक’ डोकेदुखी होते, ‘लूज फेस’मध्ये नाक कापलं जातं, ‘ऑल इअर्स’ असणारा जिवाचा कान करतो. ‘कोल्ड फीट’ला ‘ऐनवेळी कच खाल्ली’ ठेवा. ‘पाय लटपटले’ नको, कारण लटपटत्या पायांनीही माणूस बोहल्यावर चढतो. ‘कोल्ड फीट’वाला मात्र मागे सरायला लागलेला असतो.

‘हार्ट’साठी हृदय हा शब्द डॉक्टर आणि कवींकडे राहू द्या. ‘टेक हार्ट’ म्हणजे धीर धर, ‘लूज हार्ट’ म्हणजे खचणं, ‘बिग हार्ट’ म्हणजे मोठं मन, ‘हार्ट ऑफ द मॅटर’ म्हणजे कळीचा मुद्दा. ‘ही ब्रोक हर हार्ट’ला ‘त्यानं तिचं मन मोडलं’ लिहिताना जपा. मराठीत मन मोडणं म्हणजे कुणाची इच्छा डावलणंही होतं, आणि प्रेमभंग बाजूला राहून वाचकाला साडी घेऊन न दिल्याचा रुसवा दिसू शकतो.

अडलात तर उलट बाजूनं शोधा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) किंवा दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशात ‘हात’, ‘कान’, ‘पोट’ उघडून सगळे वाक्प्रचार वाचून काढा. हवा तो बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

चौथी पायरी : मागची कथा जागी आहे का ते बघा
हात धुणं बायबलमधलं आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात (२७:२४) रोमन सुभेदार पिलात येशूच्या मृत्यूची जबाबदारी झटकताना जमावासमोर हात धुतो. लेखक ती गोष्ट मुद्दाम आठवून देत असेल, तर धुणारे हात ठेवा आणि पिलाताचं नावही येऊ द्या. एरवी ‘झटकले’ बस. ‘अकिलीज हील’ची (ग्रीक योद्धा अकिलीजची टाच, त्याची एकमेव दुबळी जागा) ‘दुर्योधनाची मांडी’ करण्याचा मोह टाळा. लंडनमधला बँकर महाभारत बोलायला लागतो. ‘नाजूक जागा’ किंवा ‘मर्म’ चालतं.

पाचवी पायरी : कोटी असेल तर अवयव सोडू नका
इथे वरचा नियम फिरतो. हातापायाला प्लास्टर घातलेला माणूस नव्या बाइककडे बघून ‘इट कॉस्ट मी ॲन आर्म ॲन्ड अ लेग’ म्हणाला, तर ‘अव्वाच्या सव्वा किंमत पडली’ लिहून विनोद मरतो. ‘किंमत ऐकूनच हातपाय गळाले होते’ असं लिहा. किंमतही कळते आणि प्लास्टरही दिसतं.