वोनोसोबो आणि दिएंगला जाताय? या चुका टाळा

मध्य जावातलं वोनोसोबो हे डोंगरातलं छोटं गाव. तिथून २६ किलोमीटरवर दिएंगचं पठार आहे. जुनी शिवमंदिरं, उकळत्या चिखलाची कुंडं, रंग बदलणारं तळं असं सगळं तिथं जवळजवळ आहे. मी इंडोनेशियात राहते, त्यामुळे भारतातून येणारे ओळखीचे लोक बेत आखून झाल्यावर मला फोन करतात. आणि दरवेळी बेतात त्याच चुका असतात.

योग्यकर्ताहून एका दिवसात जाऊन येणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. योग्यकर्ताहून दिएंगला गाडीनं साडेतीन-चार तास लागतात, तेही रस्ता मोकळा असेल तर. दिएंग समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर आहे. सकाळी आकाश लख्ख असतं, पण दुपार झाली की खालचे ढग चढून पठारावर येऊन बसतात. म्हणजे शहरातल्या हॉटेलात आरामात नाश्ता करून निघणारा माणूस नेमका ढगांच्या वेळेला पोहोचतो.

गेल्या वर्षी नात्यातलं एक कुटुंब पुण्याहून आलं होतं. वोनोसोबोत रात्री राहा म्हणून मी कितीदा विनवलं. पण गाडीवाला म्हणाला होता, ‘एका दिवसात आरामात होतं’, आणि एका मुक्कामाचे पैसे वाचत होते. आठला निघाले. सिंदोरो आणि सुंबिंग या दोन ज्वालामुखींमधली खिंड चढताना काकूंना गाडी लागली, दोनदा थांबावं लागलं. पठारावर पोहोचेपर्यंत एक वाजून गेला होता. अर्जुन मंदिराच्या पायरीवर उभं राहिलं की समोर काही पावलांवर सेमारचं बुटकं मंदिर दिसतं. काकू तिथं उभ्या राहून विचारत होत्या, ‘अहो, दुसरं देऊळ कुठंय?’ धुक्यात काही म्हणता काही दिसत नव्हतं. नंतर पाऊस आला. टपरीवर तळलेले बटाटे खाऊन मंडळी परत फिरली. दिवसभराचा प्रवास आणि हाती एक ओला फोटो.

माझी पद्धत ठरलेली आहे. आदल्या दुपारी वोनोसोबो गाठायचं. संध्याकाळी आलुन-आलुनवर, म्हणजे गावाच्या मधल्या मैदानावर, फेरफटका मारायचा, लवकर जेवून झोपायचं. पहाटे साडेपाचला वर निघायचं. मंदिरं सातला, गर्दी यायच्या आधी. मग सिकिदांगची कुंडं, आणि तलागा वार्ना हे रंगीत तळं साधारण दहाला. त्याचे हिरवे-निळे रंग गंधकामुळे आणि उन्हामुळे दिसतात, म्हणून ऊन वर आल्याशिवाय तिथं जाण्यात अर्थ नाही. तळ्याकाठी उभं राहण्यापेक्षा शेजारच्या टेकडीवर चढा, हे आणि त्याच्या लगतचं अशी दोन्ही तळी एकदम दिसतात. बारापर्यंत उतरायला लागायचं.

सिकुनिर टेकडीवरचा सूर्योदय हवा असेल तर मुक्काम वरच, दिएंग गावात करा. शनिवार-रविवारी मात्र त्या पायऱ्यांवर रांग लागते. मी तरी आठवड्याच्या मधल्या दिवशीच जाते.

सिकिदांगला कठडा ओलांडणं

इथं माझा आवाज चढतो. लाकडी पायवाट बांधून दिली आहे, तरी फोटोसाठी लोक खाली उतरतात. वर सांगतात, ‘वास तर येत नाहीये, मग कसली भीती?’

सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. पण दिएंगमध्ये सगळ्यात जास्त जीव घेतले ते कार्बन डायऑक्साइडनं, आणि त्याला ना वास ना रंग. तो हवेपेक्षा जड असतो, म्हणून खोलगट जागी साचून राहतो. २० फेब्रुवारी १९७९ च्या पहाटे सिनिला विवराचा स्फोट झाला. आसपासचे गावकरी जीव वाचवायला पळाले आणि पळता पळता वाटेतच या वायूत सापडले. जवळपास दीडशे माणसं गेली. ती तिथलीच माणसं होती, तो डोंगर ओळखणारी. २०१७ च्या जुलैत सिलेरी विवरानं अचानक चिखल उडवला, त्यात पर्यटक जखमी झाले.

म्हणून पायवाट सोडू नका. खड्ड्याच्या कडेला बसू नका. लहान मुलांचा हात सोडू नका, त्यांचं नाक जमिनीच्या जास्त जवळ असतं. रखवालदारानं आज बंद म्हटलं तर हुज्जत न घालता मागे फिरा.

बाकीच्या

जावा म्हणजे उकाडा असं समजून फक्त टी-शर्ट नेणं. जुलै-ऑगस्टमध्ये दिएंगला पहाटे दव गोठतं, बटाट्याची शेतं पांढरी होतात. कानटोपी आणि जाड स्वेटर न्याच.

‘मी ओंगक्लोक’ हा पदार्थ न विचारता मागवणं. कोबी, कुचाईची पात आणि दाट रश्शातल्या या नूडल्स इथली खासियत, पण रश्शात बहुतेकदा सुकी कोळंबी असते आणि सोबतची साते (काडीला लावून भाजलेले तुकडे) गोमांसाची. शाकाहारी असाल तर आधीच सांगा. तेम्पे कमुल, म्हणजे हळदीच्या पिठात तळलेलं तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), गरमागरम खा. मला तर तेच जास्त आवडतं.

भाड्याची स्कूटर घेऊन घाट चढणं. उतारावर ब्रेक तापतात. नवख्यांनी हे करूच नये.

ईदच्या सुट्टीत जाणं. अख्खं जावा रस्त्यावर असतं.

मंदिरं ‘पांडवांची’ म्हणून पटापट फोटो काढून निघणं. अर्जुन, पुंतदेव (युधिष्ठिर), श्रीकंडी (शिखंडी) ही नावं स्थानिकांनी खूप नंतर दिली. मंदिरं शिवाची, सातव्या-आठव्या शतकातली. सेमार तर व्यासांच्या महाभारतात नाहीच, तो जावाच्या छायानाट्यातला सेवक. जवळच्या कैलास संग्रहालयात नंदीची एक मूर्ती आहे: अंग माणसाचं, तोंड बैलाचं, आणि खांद्यावर शिव बसलेला. आपल्याकडे असा नंदी मी कुठं पाहिलेला नाही. अर्धा तास काढा, पण तो बघाच.

आणि चारिका, म्हणजे डोंगरी पपईच्या पाकातल्या फोडी, घ्याल तेव्हा बाटल्या चेक-इनच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा. हातातल्या पिशवीत असल्या तर विमानतळावर काढून घेतात.