पालक सल्लागार समितीवर जाण्यापूर्वी: कॅलिफोर्नियातील एका स्कूल डिस्ट्रिक्टचा अनुभव

कॅलिफोर्नियातील सरकारी शाळांत ज्यांची मुले शिकतात, त्या मराठी पालकांना पीटीए चांगली परिचयाची असते. पुस्तकजत्रेच्या टेबलावर बसणे, निधी जमवणे, शिक्षकांसाठी घरून खाणे करून नेणे या कामांत आपली मंडळी मागे राहत नाहीत. परंतु संपूर्ण स्कूल डिस्ट्रिक्टचा, म्हणजे एका भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा, पैसा कोणत्या मुलांवर आणि कशासाठी खर्च व्हावा यावर मत देणारी पालक सल्लागार समिती असते, ती कायद्यानेच स्थापन करावी लागते आणि तिच्यावर आपल्यालाही जाता येते, हे बहुतेकांच्या गावीही नसते. बे एरियातील एका डिस्ट्रिक्टच्या अशा समितीवर मी काम केले आहे. नव्याने येणाऱ्या पालकाला त्यातून जे उपयोगी पडेल, तेवढेच येथे मांडत आहे.

महाराष्ट्रातून अलीकडे आलेल्यांना यावरून शाळा व्यवस्थापन समिती आठवेल. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि ती शाळेचा विकास आराखडा तयार करते. मात्र ती एका शाळेपुरती असते, आणि तिच्याशी तुलना करायचीच तर येथील स्कूल साइट कौन्सिलशी करावी. पालक सल्लागार समितीसमोर डिस्ट्रिक्टमधील सगळ्या शाळा असतात, त्यामुळे आपल्या मुलाच्या वर्गातील तक्रार घेऊन तेथे गेलेला पालक पहिल्याच बैठकीत हिरमुसतो. ती तक्रार खोटी असते असे नाही, पण तिची जागा मुख्याध्यापकांच्या कार्यालयात असते.

सदस्य निवडण्याची पद्धत प्रत्येक डिस्ट्रिक्टची वेगळी असते. कोठे शाळा सुरू होताच अर्ज मागवतात, कोठे मुख्याध्यापक नावे सुचवतात, कोठे प्रत्येक शाळेतून एक पालक निवडून जातो. नियम असा की समितीत पालकांचे बहुमत असावे आणि कमी उत्पन्न गटातील, इंग्रजी शिकत असलेल्या किंवा फॉस्टर केअरमधील (सरकारी देखरेखीखाली दुसऱ्या कुटुंबात राहणाऱ्या) मुलांच्या पालकांना तिच्यात स्थान असावे. इंग्रजी शिकणारी मुले एकूण पटाच्या किमान १५ टक्के आणि संख्येने किमान ५० असतील, तर त्यांच्या पालकांची स्वतंत्र सल्लागार समितीही नेमावी लागते. येथे नागरिकत्वाची अट नाही, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. डिस्ट्रिक्टच्या बोर्डावर निवडून जायचे तर नोंदणीकृत मतदार, म्हणजेच अमेरिकन नागरिक असावे लागते. त्यामुळे एच-वन-बीवर असलेल्या किंवा ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या पालकाला शाळांच्या कारभारात अधिकृतपणे शिरकाव करण्याची सर्वांत मोठी संधी याच समित्यांवर मिळते. मानधन मात्र काही नसते.

आता मूळ विषयाकडे वळतो, आणि तो पैशाचा आहे. २०१३ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राऊन यांच्या कारकिर्दीत राज्याने शाळांना पैसा वाटण्याची जुनी रीत मोडून लोकल कंट्रोल फंडिंग फॉर्म्युला आणला. त्यानुसार प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक मूळ रक्कम मिळते. इंग्रजी शिकणारे, कमी उत्पन्न गटातील आणि फॉस्टर केअरमधील विद्यार्थी यांच्यासाठी या मूळ रकमेच्या २० टक्के जादा रक्कम मिळते. अशा विद्यार्थ्यांचे प्रमाण ५५ टक्क्यांच्या वर गेले, तर त्या मर्यादेपलीकडील विद्यार्थ्यांसाठी आणखी एक अनुदान मिळते, जे पूर्वी मूळ रकमेच्या ५० टक्के होते आणि २०२१-२२ पासून ६५ टक्के आहे. एखादा विद्यार्थी दोन गटांत बसत असला तरी त्याची मोजदाद एकदाच होते. राज्याने जादा पैसा कसा वापरायचा याचे स्वातंत्र्य डिस्ट्रिक्टला दिले आणि त्या बदल्यात हिशेब मागितला. हा हिशेब ज्या दस्तऐवजात मांडला जातो त्याचे नाव लोकल कंट्रोल अँड अकाउंटॅबिलिटी प्लॅन. सगळे त्याला एलकॅप म्हणतात. तो तीन वर्षांचा असतो, दरवर्षी सुधारला जातो आणि १ जुलैच्या आत बोर्डाला तो मंजूर करावा लागतो.

एलकॅप पहिल्यांदा हातात आला की नवा सदस्य त्याची जाडी पाहूनच दबकतो, आणि अधिकाऱ्यांनाही त्याने सारांशाच्या स्लाइड पाहून घरी जावे यात काही वावगे वाटत नाही. माझा सल्ला असा की स्लाइड बाजूला ठेवाव्यात, मूळ दस्तऐवज मागून घ्यावा आणि त्यातील एकच उद्दिष्ट निवडून ते पूर्ण वाचावे. प्रत्येक उद्दिष्टाखाली आधी मोजमापांचा तक्ता असतो, ज्यात सुरुवातीची स्थिती, त्यानंतरच्या वर्षांचे निकाल आणि तिसऱ्या वर्षाअखेरचे लक्ष्य ओळीने दिलेले असते. त्याखाली कृतींचा तक्ता येतो, ज्यात कृतीचा क्रमांक, शीर्षक, वर्णन आणि एकूण रक्कम असते. शेवटच्या स्तंभात, ही कृती जादा पैशाच्या अटीखाली मोजली जाते की नाही, हे ‘हो’ किंवा ‘नाही’ असे लिहिलेले असते. त्या शेवटच्या स्तंभावर बोट ठेवायला शिकणे हे या समितीतील अर्धे काम आहे. जेथे ‘हो’ लिहिले असेल, तेथे हा खर्च मुख्यत्वे त्या तीन गटांतील मुलांच्या गरजेसाठी कसा आहे याचे समर्थन डिस्ट्रिक्टला द्यावे लागते. ‘शाळेचे वातावरण सुधारणे’ अशा गुळगुळीत शीर्षकाखाली, सर्वांसाठी असलेल्या एखाद्या पदाचा पगार ‘हो’च्या रांगेत बसलेला दिसला, तर विचारण्यासारखा प्रश्न सापडला असे समजावे.

समितीच्या हाती निर्णय नसतो, तो बोर्डाचा असतो. हे कळल्यावर अनेक जण दुसऱ्या वर्षी फिरकत नाहीत. पण कायद्यात एक तरतूद आहे आणि माझ्या मते समितीचे सारे वजन तिच्यात आहे. सुपरिंटेंडंटने, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याने, एलकॅपचा मसुदा समितीपुढे मांडलाच पाहिजे आणि समितीने केलेल्या अभिप्रायांना लेखी उत्तर दिलेच पाहिजे. बैठकीत कोणी कितीही तळमळीने बोलले तरी इतिवृत्तात ‘सदस्यांनी गणिताबद्दल चिंता व्यक्त केली’ एवढीच ओळ उरते. समितीने मिळून लिहून दिलेला अभिप्राय मात्र उत्तरासकट बोर्डासमोर जातो.

म्हणून अभिप्राय कसा लिहावा याला महत्त्व आहे. ‘गणितात मुले मागे पडत आहेत, याकडे अधिक लक्ष द्यावे’ असे लिहिले की ‘आम्ही याकडे गांभीर्याने पाहत आहोत’ असे उत्तर येते, आणि ते चुकीचेही म्हणता येत नाही. याउलट असे लिहून पाहावे: ‘कृती २.३ मध्ये शाळा सुटल्यानंतरच्या गणित मार्गदर्शनासाठी तरतूद आहे. गेल्या वर्षी या तरतुदीपैकी किती खर्च झाला, इंग्रजी शिकणाऱ्यांपैकी किती विद्यार्थी आले आणि त्यांची संख्या वाढवण्यासाठी यंदा काय बदल केला आहे, हे कळावे. उशिराच्या बसची सोय याच कृतीत समाविष्ट करावी, अशी समितीची शिफारस आहे.’ क्रमांक उदाहरणादाखल घेतला आहे, पण घाट हाच ठेवावा. कृतीचा क्रमांक, एक मोजता येणारा प्रश्न आणि एक नेमकी मागणी असली की गोलमोल उत्तर देणे अवघड होते.

बसचे उदाहरण मी उगाच घेतलेले नाही. आमच्या समितीत या मार्गदर्शन वर्गांची चर्चा नेहमी शिक्षकांची संख्या, तासांची लांबी, कोणते सॉफ्टवेअर घ्यावे याभोवती फिरत असे, आणि खरे सांगायचे तर आम्हा भारतीय पालकांना त्यात बोलण्याची हौस होती. एका बैठकीत कानाला दुभाष्याचा हेडसेट लावून बसलेल्या एका आईने स्पॅनिशमध्ये विचारले की वर्ग सुटेपर्यंत शाळेची बस निघून गेलेली असते, तर तिची दोन्ही मुले घरी कशी येणार? ती स्वतः त्या वेळी कामावर असे. सभागृहातील कोणालाही, अधिकाऱ्यांनाही, हे सुचले नव्हते. वर्गांमध्ये जागा रिकाम्या राहण्याचे कारण ‘पालकांची उदासीनता’ असे त्याच दिवशीच्या सादरीकरणात लिहिलेले होते. आपल्याकडे भाषा आहे, तक्ते वाचण्याची सवय आहे, संध्याकाळी मोकळा वेळही आहे. या तिन्हींचा उपयोग अशा आईचा प्रश्न कृतीच्या क्रमांकासह कागदावर आणण्यासाठी केला, तर समितीतील आपल्या जागेचे चीज होते.

वेळापत्रकाविषयी दोन गोष्टी. मसुदा साधारणतः एप्रिल-मे महिन्यांत समितीसमोर येतो, जूनमध्ये बोर्ड एका बैठकीत जाहीर सुनावणी घेते आणि नंतरच्या वेगळ्या बैठकीत त्याला मंजुरी देते. वरवर पाहता मे हा बोलण्याचा महिना वाटतो. प्रत्यक्षात शाळेचा बहुतेक पैसा पगारांत जातो, आणि पुढील वर्षी नोकरी जाण्याची शक्यता असल्यास तशी प्राथमिक नोटीस शिक्षकांना १५ मार्चपर्यंत द्यावी लागते. म्हणजे कोणती पदे राहणार याचा आराखडा त्याच्या आधीच ठरत आलेला असतो. गव्हर्नरचा अंदाजपत्रकाचा प्रस्ताव १० जानेवारीपर्यंत येतो आणि एलकॅपचा मध्यावधी अहवाल २८ फेब्रुवारीपर्यंत बोर्डापुढे ठेवावा लागतो. एखादे समुपदेशकाचे किंवा ग्रंथपालाचे पद टिकवायचे असेल, तर समितीने जानेवारी-फेब्रुवारीतच लिहावे. मे महिन्यात त्याच मागणीला ‘पुढील वर्षी विचार करू’ याखेरीज दुसरे उत्तर मिळणे कठीण असते.

बैठकांचे नियम आपल्या सवयींना जरा जाचक वाटतात. १९५३ चा ब्राऊन ॲक्ट हा खुल्या बैठकांचा कायदा बोर्डाला आणि साधारणपणे बोर्डाने रीतसर नेमलेल्या समित्यांना लागू होतो; आपल्या समितीला तो लागू आहे का, हे विचारून घ्यावे. नियमित बैठकीचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो आणि अजेंड्यावर नसलेल्या विषयावर चर्चा किंवा ठराव करता येत नाही. चार मराठी माणसे एकत्र आली की व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, तसा येथे काढू नये, कारण बहुसंख्य सदस्यांनी बैठकीबाहेर फोनवर, ईमेलवर किंवा ग्रुपवर समितीच्या विषयाचा ऊहापोह करणे हा कायदा लागू असेल तेथे निषिद्ध आहे. दुव्यादुव्याने म्हणजे एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत केलेली चर्चाही त्यातच मोडते. समितीने अभिप्रायाचा मसुदा करण्यासाठी दोघा-तिघांना सांगावे आणि तो पुढील बैठकीच्या अजेंड्यावर घ्यावा, ही पद्धत संथ आहे, पण सुरक्षित आहे.

आपल्या समाजाशी थेट जोडलेले दोन विषय समितीत हमखास निघतात, तेव्हा त्यांची माहिती असलेली बरी. पहिला हजेरीचा. कॅलिफोर्नियात बहुतेक डिस्ट्रिक्टना पैसा पटावर मिळत नाही, प्रत्यक्ष सरासरी हजेरीवर मिळतो. मालमत्ता कराच्या उत्पन्नावरच भागणारी पालो अल्टोसारखी श्रीमंत डिस्ट्रिक्ट याला अपवाद आहेत. शिवाय वर्षातील १० टक्के दिवस, म्हणजे १८० पैकी १८ दिवस बुडाले की ते मूल दीर्घकालीन गैरहजर या वर्गात मोजले जाते आणि हा आकडा राज्याच्या डॅशबोर्डवर, म्हणजे शाळांची कामगिरी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, शाळेच्या नावापुढे लाल ते निळ्या रंगांच्या मापात दिसतो. नाताळच्या सुट्टीला दोन-तीन आठवडे जोडून भारतात जाणाऱ्या कुटुंबाने आधीच शाळेशी स्वतंत्र अभ्यासाचा करार केला आणि मुलाने तो अभ्यास पूर्ण केला, तर ते दिवस हजेरीत धरता येतात. हे आपल्या मंडळींपर्यंत पोचवण्याचे काम समितीवरील मराठी पालकाने करावे.

दुसरा विषय घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेचा. प्रवेशाच्या अर्जात घरची भाषा मराठी लिहिली की मुलाची एल्पॅक ही इंग्रजीची चाचणी ३० दिवसांत घेतली जाते, आणि ती टाळण्यासाठी काही पालक ‘इंग्रजी’ लिहून मोकळे होतात. मला हे पटत नाही. खरे तेच लिहावे. त्याचबरोबर हेही समजून असावे की आपले मूल इंग्रजी शिकणाऱ्यांत मोजले गेले, तरी ते बहुधा दोन-तीन वर्षांत त्यातून बाहेर पडते, तर काही मुले माध्यमिक शाळेपर्यंत त्याच वर्गवारीत अडकून राहतात. समितीत ‘इंग्रजी शिकणाऱ्यांचे पालक’ म्हणून बसताना सरासरीचे आकडे न मागता या दुसऱ्या गटाचे आकडे वेगळे मागावेत. २०२४ पासून डॅशबोर्डवरही हा गट स्वतंत्र दाखवला जातो, त्यामुळे ‘अशी माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर आता चालत नाही.

जूनमध्ये मंजुरी मिळाल्यावर एलकॅप काउंटीच्या शिक्षण कार्यालयाकडे तपासणीसाठी जातो आणि समितीचे वर्ष संपल्यासारखे वाटते. सुपरिंटेंडंटची लेखी उत्तरे मात्र तेव्हाच मागून स्वतःजवळ ठेवावीत, कारण पुढील हंगामात निम्मे सदस्य नवे असतात आणि अधिकारीही बदललेले असतात. पहिल्या बैठकीच्या अजेंड्यावर ‘मागील वर्षीच्या अभिप्रायांवर झालेली कार्यवाही’ हा विषय घालण्याची विनंती अध्यक्षांना ऑगस्टमध्येच लेखी करावी.