सह्याद्रीतल्या रानओढ्याची तब्येत कशी तपासावी

पाणी नितळ दिसलं म्हणून ओढा निरोगी असतोच असं नाही. साबण किंवा शेतातली फवारणी डोळ्यांना दिसत नाही, आणि बाटलीत भरून नेलेलं पाणी फक्त त्या घटकेचं सांगतं. दगडाखालचे किडे मात्र तिथे कित्येक आठवडे, काही तर महिनोन्‌महिने राहतात. मागच्या पंधरवड्यात कुणी काही ओतलं असेल, तर पाणी कोरं निघेल, किडे कमी झालेले दिसतील. म्हणून तपासणीचा भर किड्यांवर ठेवा.

केव्हा आणि कुठे

पावसाळ्यात नको. पुरात तळ ढवळतो, किडे वाहून जातात आणि वर डोंगरात सर कोसळली की ओढा मिनिटांत चढतो. नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम, ओढा बारमाही असेल तर मार्चमध्ये पुन्हा. उन्हाळ्यात आटणं हा आजार नव्हे, सह्याद्रीतले बरेच ओढे हंगामीच आहेत. पण पूर्वी एप्रिलपर्यंत वाहणारा ओढा आता जानेवारीतच आटत असेल, तर वर पाणी कुठे उपसलं जातंय ते पाहा. हे गावातली जुनी माणसंच सांगू शकतील.

खळाळ आणि डोह दोन्ही असलेला 100 मीटरचा पट्टा निवडा. तुलनेला दुसरा पट्टा हवाच: वस्ती-रस्त्याच्या वरचा, किंवा जवळच्या देवराईतला, साधारण तेवढ्याच उताराचा. तुलनेशिवाय आकड्यांना फारसा अर्थ नाही. अभयारण्यात वनखात्याची परवानगी आधी घ्या. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका. लेप्टोचा, म्हणजे जखमेतून शिरणाऱ्या जिवाणूंच्या तापाचा, धोका खरा आहे.

पाणी आणि तळ

पाण्याची मोजमापं पाण्यात पाय घालण्याआधी, आणि काम नेहमी खालून वर सरकत; नाहीतर स्वतःच उडवलेला गाळ मोजला जातो. तापमान, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) आणि विरघळलेला ऑक्सिजन पुरेत. ऑक्सिजन पहाटे मोजा. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री सगळेच तो वापरतात, त्यामुळे दुपारचा आकडा फसवा असतो. 25 अंश सेल्सिअसच्या पाण्यात समुद्रसपाटीला लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 1000 मीटर उंचीवर सुमारे 7.3. घाटमाथ्यावरच्या ओढ्याला कोकणातल्या ओढ्याचा निकष लावू नका.

मग खळाळातले मुठीएवढे दहा-बारा दगड उचलून पाहा. दगड गाळात निम्म्याहून जास्त रुतलेले असतील, तर फटी बुजल्या आणि किड्यांची घरं गेली. कारण बहुधा वरच असतं: नवा रस्ता, खाण, जेसीबीनं कापलेला उतार.

किडे

अर्धा मिलिमीटर जाळीचं हातजाळं, पांढरा ट्रे, मऊ ब्रश, चिमटा आणि भिंग घ्या. मच्छरदाणीचं कापड चालत नाही. भोकं मोठी असल्यानं लहान पिल्लं निसटतात. जाळ्याचं तोंड प्रवाहाकडे करून ते तळाला घट्ट टेकवा. समोरच्या अर्धा मीटर लांब-रुंद जागेतले दगड चोळा, मग एक मिनिट तळ पायानं ढवळा. असं तीन खळाळांत करा, शिवाय एकदा कुजत्या पाचोळ्यात आणि एकदा काठच्या मुळांत.

ट्रेमध्ये पाणी घालून दोन मिनिटं गप्प बसा. आधी नुसता कचरा दिसतो, मग त्यातली एखादी काडी चालू लागते. ती कॅडिसफ्लायची अळी: वाळूचे कण किंवा पानांचे तुकडे रेशमानं चिकटवून केलेल्या घरात राहणारी. पोटाच्या कडेला कल्ले फडफडताहेत आणि बहुधा तीन शेपट्या आहेत, तर मेफ्लायचं पिल्लू. शेपट्या दोनच आणि प्रत्येक पायाला दोन नख्या असतील, तर स्टोनफ्लायचं. या तिघांतले बहुतेक प्रकार घाणीला लवकर बळी पडतात. स्टोनफ्लाय सापडली नाही म्हणून घाबरू नका. आपल्याकडे तिचे प्रकार मुळात कमी. लाल दोऱ्यासारख्या अळ्या चार-दोन असल्या तर हरकत नाही. ट्रेभर त्याच असतील, तर सांडपाणी येतंय. पाण्यावर घसरणारी निवळी आणि पाणविंचू बाहेरची हवा घेतात, त्यांच्यावरून ऑक्सिजनचा अंदाज बांधू नका.

आता विविधता काढा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक तपासणीतही हीच रीत आहे, आणि तिला किड्यांची शास्त्रीय नावं लागत नाहीत. हाताला येईल तसे किमान 100 किडे एकेक करून पाहा. लगेच आधी पाहिलेल्या किड्यासारखाच असेल तर तोच गट चालू, वेगळा असेल तर नवा गट. गटांना एकूण किड्यांनी भागा. 100 किड्यांत 62 गट म्हणजे 0.62, आकडा 1 च्या जितका जवळ तितकी विविधता जास्त. इथे सगळ्यात जास्त चूक होते ती निवडून उचलण्याची. मोठे किडे आधी किंवा सारखे किडे एकत्र उचलले, की आकडा खोटा. ट्रेवर चौकोन आखून एकेक चौकोन पूर्ण रिकामा करा.

काठ

दोन्ही काठांवर जांभूळ, करंज, उंबर, वाळुंज आणि खडकांत शेरणी आहे का पाहा. सावलीतल्या ओढ्याचं अन्न म्हणजे पडलेला पाचोळा. झाडं तोडली की ऊन येतं, शेवाळ वाढतं, आणि पानं कुरतडणारे किडे जाऊन शेवाळ खरवडणारे येतात. मोकळ्या काठावर घाणेरी आणि रानमोडी माजलेली असेल, तर तेही टिपा.

किडे त्याच जागी सोडा. ठरलेल्या एकाच दगडावरून दरवेळी फोटो काढा. जाळं आणि बूट धुऊन उन्हात पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या ओढ्यात नेऊ नका. बेडकांना होणारी बुरशी ओल्या सामानातूनही पसरते.