शिमगा झाला की पोरांना एक तास बसवा: सीझनच्या कामाआधीचं सेफ्टीचं बोलणं

पालखी देवळात परत गेली आणि दहावीचा शेवटचा पेपर झाला की आमच्या देवगड साइडला घरटी एक तरी पोर कामाला लागतं. कोण बागेत आंबे उतरवायला, कोण पॅकिंगला, कोण काजूच्या कारखान्यात, कोण बंदरावर मासळी निवडायला, नायतर मामाच्या होमस्टेला, आणि आयटीआयवाले लोट्याच्या किंवा महाडच्या कारखान्यांत अप्रेंटिस (शिकाऊ कामगार). हातात पैसे येतात, नवा मोबाईल येतो, वाईट काय नाय, मी पण केलंय. पण कामावर जायच्या आधी यांना बसवून कोणीच काय सांगत नाय, आणि लागतं-बिगतं ते बहुतेक पहिल्या आठवड्यातच. म्हणून आमच्या मंडळाने चारेक वर्षांपासून सीझनआधी एक तास घ्यायला सुरुवात केली. तो कसा घ्यायचा ते लिहितोय, तुमच्या वाडीत करून बघा.

पहिली गोष्ट, बॅनर-बिनर नको. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, 1966 साली याच तारखेला नॅशनल सेफ्टी कौन्सिल स्थापन झालं म्हणून, कंपन्यांत त्या दिवशी शपथ-बिपथ होते. महिना आपल्यालाही सोयीचा आहे, सीझन तोंडावर असतो, पण शपथ घेऊन कोणाचा हात वाचला नाय. देवळाच्या सभामंडपात बसवा, दहा-पंधरा पोरं-पोरी पुरे, आणि शक्यतो गेल्या वर्षी काम केलेल्या एक-दोघांना बोलायला लावा, सरपंचांना नको (सरपंच आले की चाळीस मिनिटं त्यांचीच जातात).

आता मुख्य अडचण. आपल्याकडे मालक म्हंजे कोण? बाबांचा मित्र, शेजारचे काका, आतेचा दीर. ते म्हणाले "चढ रे, काय होवचा नाय" की पोर चढतं, कारण नाय म्हटलं तर संध्याकाळी घरी निरोप येतो की तुमचा झील (मुलगा) कामचुकार आहे. त्यामुळे नाय म्हणायला शिका असं सांगून काय उपयोग नाय. नाय न म्हणता थांबायचं कसं ते शिकवा. आम्ही दोन वाक्यं पाठ करून घेतो. एक, "काका, एकदा तुम्ही करून दाखवा, मग मी करतो." दुसरं, "काका, आधी लाइन बंद करून घेऊया, मग चढतो." दुसऱ्यात लाइनच्या जागी मशीन टाका, पंप टाका, काय असेल ते. नाटक करून घ्या, एक पोरगा काका, एक कामगार, आणि काकाला सांगायचं की तीनदा जोर कर. हसतात खूप, पण तिसऱ्या वेळेला वाक्य तोंडात बसतं. मी बघितलंय, तासभराच्या भाषणातलं काय राहत नाय पण हे राहतं.

माझंच सांगतो. बारावीनंतर बंदरावर मासळी निवडायला होतो, तिसरा दिवस, ग्लोव्हज नाय, बर्फातल्या क्रेटमध्ये हात घातला आणि शिंगाळ्याचा काटा तळव्यात गेला. काटा बाहेर काढला, हात बर्फात दाबला आणि गप्प बसलो, कारण बाजूच्या बायका हसतील. दोन दिवस लपवलं. मग हात भाकरीसारखा सुजला, ताप आला, बारा दिवस घरी, आणि तेवढी मजुरी गेली. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की बर्फ एकदम उलटं, शिंगाळा किंवा पाकटाचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवायचा, त्या विषाला उष्णता चालत नाय. पाणी दुसऱ्या हाताने बघायचं, दुखऱ्या हाताला चटका कळत नाय. मग जखम दाखवायची आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. हे सांगताना मी तळवा दाखवतो, डाग अजून आहे. तुमच्या गावात असा डागवाला कोणीतरी असणारच, त्याला बोलवा.

मग कामावार बोला, सगळं सगळ्यांना नको, जो जिथे जाणार त्याला तिथलं.

बागेतल्यांना सगळ्यात जास्त वेळ द्या. झेल्याची, म्हंजे आंबे उतरवायच्या जाळीची, काठी लांब असते, हल्ली अॅल्युमिनियमची पण मिळते, हलकी म्हणून पोरांना आवडते, आणि बागेवरून विजेची लाइन गेलेली असते. वर बघितल्याशिवाय काठी उभी करायची नाय, हे दहा वेळा सांगा. ओला बांबू पण वीज पोचवतो, बांबू आहे म्हणून बिनधास्त राहू नका. फांदी तारेला लागली असेल तर 1912 ला महावितरणला फोन, नायतर लाइनमनला, आकडा घेऊन स्वतः ओढायला जायचं नाय. कोणाला शॉक लागला तर आधी हात लावायचा नाय, मेन स्विच बंद, आणि वरच्या मोठ्या लाइनची तार खाली पडली असेल तर जवळच जायचं नाय, लांबून बाकीच्यांना अडवायचं. झाडावर चढणं शक्यतो टाळायला सांगा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला आहे, खालूनच देठासकट आंबा कापतो, त्यात चीकही कमी उडतो. चीक डोळ्यात गेला की पोर आंधळं झाल्यासारखं ओरडतं. आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले, बिब्बा अंगावर उततो, फोड येतात, तसेच हे पण उततात, म्हणून पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, आणि हात धुतल्याशिवाय तोंडाला-डोळ्याला लावायचा नाय. पॅकिंगला कोणी कार्बाईडच्या पुड्या ठेवायला सांगितल्या तर तिथून निघायचं, कार्बाईडने आंबा पिकवायला बंदी आहे आणि त्याचा गॅसही वाईट.

काजूवाल्यांना टरफलाच्या तेलाबद्दल सांगा, ते कातडी भाजतं. जुन्या बायका हाताला राख किंवा साधं तेल लावून बसतात, नव्या पोरींना ते कोणी सांगत नाय आणि दुसऱ्या दिवशी बोटांची सालं निघतात.

चिऱ्याची खाण, दगडाचं बांधकाम, पालापाचोळा उचलणं, इथे विंचू आणि फुरसं (विषारी साप). दगडाखाली हात घालायच्या आधी काठी घालायची. लाल विंचू चावला की मांत्रिक नको, सरळ आरोग्य केंद्र. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून किती पेशंट वाचवले, 2022 ला त्यांना पद्मश्री मिळाली, पण ती गोळी वेळेत मिळायला आपण वेळेत पोचायला हवं ना. साप चावला तर हात-पाय हलवू न देता 108.

होडीवर जाणाऱ्यांना, लाइफ जॅकेट अंगावर, सीटखाली नाय. आणि मासळी बरेच दिवस साठलेल्या होडीच्या पोटातल्या खणात एकट्याने उतरायचं नाय, तिथे गॅस होतो, वास यायच्या आधीच माणूस खाली बसतो. आत कोण पडलं तर मागोमाग उडी मारायची नाय, पहिल्याला काढायला गेलेला दुसरा पण जातो. विहिरीचं आणि शौचालयाच्या टाकीचं पण तेच. समुद्रात अडचण आली तर कोस्ट गार्डचा नंबर 1554, सगळ्यांच्या मोबाईलमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करून घ्या. होमस्टेवाल्यांचं एवढंच, गॅस आणि ओली फरशी.

उकाडा सगळ्यांनाच. आपल्याकडे हवा दमट, घाम सुकत नाय, अंग थंडच होत नाय. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, सपाट भरलेला. कोकम सरबत पण चालतं, मीठ घालून. कोणी बडबडायला लागला किंवा घाम थांबून अंग तापलं तर सावलीत घ्या, पाणी ओता आणि दवाखाना, "जरा झोप, बरं वाटेल" नको.

शेवटी दहा मिनिटं कायद्याची, इथे पोरं जांभया देतात म्हणून थोडक्यात. 14 च्या आतल्याला कामाला ठेवता येत नाय, घरच्या धंद्यात शाळा सांभाळून मदत वेगळी. 14 ते 18 ला धोक्याच्या कामावर ठेवता येत नाय. तक्रार 1098 ला, मुलांसाठीची हेल्पलाइन. अप्रेंटिस म्हंजे फुकटचा हमाल नव्हे, 1961 च्या कायद्यात त्याच्याही इजेची भरपाई मालकावर आहे. पगाराच्या स्लिपवर 0.75 टक्के ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापलेला दिसला तर आपला विम्याचा नंबर मागून घ्या, 21 हजारांपर्यंत पगार असला की ते लागू होतं आणि कामावर इजा झाली तर उपचारासोबत रजेत मजुरीच्या 90 टक्के मिळतात. आणि बागेत स्लिप नसतेच, म्हणून वहीत लिहायला लावा, कुठल्या तारखेला कामाला लागलो, मजुरी किती ठरली, मालकाचा फोन.

एवढ्यावर सोडू नका, तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोन करा. "सगळं ठीक?" असं विचारलं की "हो" येतं. "आज पहिल्यांदा काय केलंस?" असं विचारा. गेल्या वर्षी एका पोरीने यावर सांगितलं की ग्लोव्हज आहेत पण उजव्याचं बोट फाटलंय, म्हणून ती डाव्या हाताचाच उलटा करून उजव्याला घालते. मालकीणबाईंना आम्ही काय बोललो नाय, दुसऱ्या दिवशी नुसत्या बघायला गेल्यासारखं गेलो, चहा झाला, आणि निघताना ग्लोव्हजच्या दोन जोड्या टेबलावर ठेवून आलो. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच डझनभर आणल्या.