सोलापुरात मूळ चित्र घेताना या चुका टाळा

हाताने काढलेले मूळ चित्र आपल्या ऐपतीबाहेरचे असते आणि ते पुण्या-मुंबईच्या कलादालनांतच मिळते, असे सोलापुरातली सुशिक्षित माणसेही ठामपणे सांगतात, आणि मग जवळजवळ तेवढ्याच पैशांत यंत्रावर छापलेला कॅनव्हास घरी आणतात. मुळात शोध चुकीच्या ठिकाणी घेतला जातो. ज्या चित्रकला शिक्षकांनी उभी हयात एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना मुले बसवली, त्यांच्या घरी सुट्ट्यांत रंगवलेली निसर्गचित्रे कपाटात पडून असतात. फलक रंगवणाऱ्या कारागिरांचे काम फ्लेक्सने हिरावून घेतले असले, तरी त्यांच्या हातातली व्यक्तिचित्रे गेलेली नाहीत; पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेनही उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत होते, हे विसरू नये. फ्रेमच्या दुकानांत गिऱ्हाइकाने नेलीच नाहीत अशी चित्रे धूळ खात असतात. कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शने तर सर्वांना खुली असतात, पण तिथे पालकांखेरीज फारसे कोणी फिरकत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे चित्र फक्त वरवर पाहणे. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने वास्तुशांतीच्या गडबडीत, एका सभागृहात भरलेल्या विक्री-प्रदर्शनातून चंद्रभागेच्या घाटाचे मोठे ‘तैलचित्र’ घेतले. बोट फिरवले की कुंचल्याचे फटकारे हाताला लागत होते, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. मी भिंगातून पाहिले तेव्हा दगडी पायऱ्यांच्या जागी नुसते रंगाचे बारीक ठिपके दिसले, आणि हाताला लागणारे फटकारे पाण्यावरून, देवळाच्या शिखरावरून आणि आकाशावरून एकाच दिशेने गेलेले होते. म्हणजे छापील कॅनव्हासवर पारदर्शक जेल फासून तो उंचवटा आणलेला होता. खऱ्या चित्रात रंग जिथे वळतो, तिथेच फटकाराही वळतो. पैसे परत मागायला गेल्यावर विक्रेत्याने पावतीवर बोट ठेवले, आणि तिच्यावर फक्त ‘भिंतीची सजावट’ एवढेच लिहिलेले होते. तेव्हापासून मी दोन गोष्टींचा आग्रह धरतो. घड्याळजी वापरतात तसले दहापट भिंग खिशात ठेवायचे, आणि माध्यम, वर्ष व चित्रकाराची सही असलेली चिठ्ठी हातात पडल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मोबाईलवर फोटो पाहून आगाऊ रक्कम पाठवणाऱ्यांना मी सल्ला देणेच थांबवले आहे.

याच्या नेमकी उलट चूकही होते. लिनोकट (लिनोलियमवर कोरलेला ठसा), काष्ठठसा (लाकडावर कोरलेला) किंवा एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेला) यांवरून काढलेल्या चित्रांना ‘छापील’ म्हणून नाकारू नका. ठसा चित्रकाराने स्वतः कोरलेला असतो, प्रती मोजक्या काढलेल्या असतात, आणि कागदाच्या खालच्या कडेला पेन्सिलने ७/२५ असा क्रमांक (म्हणजे पंचवीस प्रतींपैकी सातवी) व सही असते. ही मूळ कलाकृतीच आहे, आणि एकाहून अधिक प्रती असल्यामुळे ती रंगचित्रापेक्षा सहसा स्वस्त मिळते. कमी पैशांत सुरुवात करणाऱ्याला मी आधी हीच वाट दाखवतो.

सोफ्याच्या रंगाला जुळणारे चित्र शोधू नका, सोफा बदलतो.

चित्रकाराशी लक्ष्मी मार्केटात भाजीचा भाव करावा तशी घासाघीस करू नका. पैसे कमी असतील तर लहान आकाराचे काम मागा, अथवा रेखाटने पाहायला मागा. पुष्कळ चित्रकार ती विकायची म्हणून कधी बाहेर काढतच नाहीत.

चांगले चित्र मिळाल्यानंतर ते फ्रेम करताना वाया घालवणे, ही चूक मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. एका वृद्ध शिक्षकांचे अतिशय तरल जलरंगचित्र मी एका स्नेह्यांना मिळवून दिले होते. त्यांनी ‘उद्याच हवे’ म्हणून घाई केली, आणि कारागिराने कागद पांढऱ्या गोंदाने थेट हार्डबोर्डवर चिकटवून वर काच दाबून बसवली. पावसाळ्यात ओल धरली, कागदाला फुगवटे आले, काचेला टेकलेला रंग तिला चिकटला आणि आकाशात तपकिरी डाग पडले. आता तो कागद फाटल्याशिवाय सुटणार नाही. म्हणून कागदावरचे चित्र कधीही पूर्ण चिकटवू देऊ नका, त्याला लॅमिनेशन तर मुळीच करू नका. आम्लरहित माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) मागा, वरच्या कडेला फक्त दोन कागदी बिजागऱ्या (चित्र अडकवणाऱ्या कागदाच्या छोट्या पट्ट्या) लावून घ्या, आणि काच व चित्र यांच्यात माउंटच्या जाडीएवढे अंतर राहील हे दुकानात उभे राहून पाहा. असा माउंट मागवून घ्यावा लागला तरी थांबा. मी स्वतः फ्रेमला कधीही घाईची तारीख देत नाही.

जागा निवडताना इथल्या उन्हाचा विचार करा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि पश्चिमेच्या खिडकीतून येणारे ऊन जलरंगातले नाजूक लाल-गुलाबी रंग आधी उडवते. बाहेरून पावसाने भिजणाऱ्या भिंतीवरही चित्र लावू नका. आतली भिंत निवडा, फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे लावून हवा खेळती ठेवा, आणि पावसाळा संपला की चित्र उतरवून मागच्या बाजूला वाळवी किंवा कसर लागली आहे का, ते पाहा.