वेगळ्या कुळातली भाषा घरबसल्या शिकायचीय? मग निवडताना हे बघा

फ्रेंच, जर्मन, रशियन, फारसी, या सगळ्या शेवटी मराठीच्याच लांबच्या चुलत बहिणी. ज्याला पार दुसऱ्याच कुळातली भाषा हवीय आणि तीही क्लास न लावता, त्याने आधी नेटवरच्या 'जगातल्या अवघड भाषा' वाल्या लिस्ट बंद कराव्यात. बऱ्याचशा लिस्ट अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या ट्रेनिंगवरनं उचललेल्या असतात, जपानी-चिनी-कोरियन-अरबीला २२०० तास, तुर्की-फिनिशला ११००. पण हे तास इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचे आहेत, आपले नाहीत!

फिनिशला १५ विभक्त्या म्हणून लोक घाबरवतात. तालो म्हणजे घर, तालोस्सा घरात, तालोस्ता घरातून. आता यात आपल्याला नवीन काय आहे सांगा? तुर्कीत पण तेच, एव म्हणजे घर, एवलेर घरं, एवलेरदे घरांत, क्रियापद शेवटी आणि तो-ती-ते ची कटकटच नाही, तिघांना मिळून एकच 'ओ'. लिपी १९२८ पासून रोमन, म्हणजे तोही त्रास वाचला.

मी स्वतः सुरुवात जपानीने केली होती. हिरागाना, म्हणजे तिथली उच्चाराप्रमाणे लिहायची मूळ अक्षरं, पंधरा दिवसांत झालं, कारण क्रम बघितला तर अ-इ-उ-ए-ओ, क-स-त-न, आपल्याच वर्णमालेच्या वळणावर. मग कांजी आली, म्हणजे चिनीतून घेतलेली, अख्ख्या शब्दाची चिन्हं. रोजच्या वापरासाठी ठरवलेली यादीच २१३६ चिन्हांची आहे, आणि माझं पुस्तक अजून ऐंशीव्या पानावर उघडं पडलंय. जपानी वाईट नाही हो, फक्त रोज थोडं लिहायची सवय नसेल तर एकट्याने ओढली जात नाही. कोरियनची अक्षरं मूळ २४ च, लिपी शनिवार-रविवारात होते.

चिनी मात्र एकट्याने नको असं माझं मत. एकच 'मा' चार सुरांत म्हटला की आई, ताग, घोडा आणि ओरडणं असे चार अर्थ, आणि चुकीचा सूर एकदा जिभेवर बसला की सांगणारं कोणी नसतं. अरबीत वकील, तारीख, हजर, इमारत असे ओळखीचे शब्द भेटतात, पण पुस्तकातली अरबी की इजिप्तमधली बोलायची अरबी हे पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं. तमिळलाही तसंच.

आणि कन्नडला कोणी 'परकी भाषा' म्हणून मोजतच नाही, जरा कमी एक्झॉटिक ना! कूळ द्राविडी, पण वाक्यं बघा. 'ननगे कन्नड बरुत्ते', शब्दशः मला कन्नड येतं, तिथेही भाषा 'येते'च. 'ननगे नीरु बेकु', मला पाणी पाहिजे. 'बर्तीनि अंत हेळिद', येतो म्हणून सांगितलं. जेवणबिवण ला 'ऊटगीट'. ळ आहे, तूप ला तुप्प आहे. फक्त ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ वेगवेगळे आहेत आणि देवनागरीत लिहून शिकलात तर तो फरक हरवतो, म्हणून लिपी आधी करा, क्रम आपलाच आहे. दुसरी गोष्ट, 'मी जातो' ला पुस्तक 'होगुत्तेने' शिकवतं, लोक 'होग्तीनि' म्हणतात. मी सोसायटीतल्या धारवाडच्या काकूंसमोर पुस्तकी थाटात बोललो तर त्या म्हणाल्या, बातम्या वाचतोयस का रे?

तर निवडायची माझी पद्धत अशी. तीन भाषा घ्या, प्रत्येकीला एक आठवडा, रोज अर्धा तास. तिन्हींत हीच वाक्यं बनवायची: मला पाणी पाहिजे, मला येत नाही, काल गेलो होतो, तो येतो म्हणाला, हे घर कोणाचं. नुसती पाच. यातच कळतं की क्रम किती बदलतो, नकार कसा होतो, ऑडिओ मिळतो का, आणि अडल्यावर विचारायला माणूस आहे का, मग तो शेजारी असो की ऑनलाइन. चौथ्या आठवड्यात काहीच ठरवू नका, फक्त बघा कुठली वही आपणहून उघडली जाते. ती ठेवायची. माझ्या बाबतीत कन्नडची उघडली, तुर्कीची भाचीला दिली, तिनं त्यात रांगोळ्या काढल्यात.